देणाऱ्यांची नावे

लोणावळ्याला जाऊन आलेल्या माणसाला "काय पाहिलेत?" असे एकदा विचारून पाहावे. धुके पाहिले, भुशीच्या पायऱ्यांवर भिजलो, भाजलेली कणसे खाल्ली, भजी खाल्ली आणि येताना चिक्कीचे दोन डबे घेतले, हे उत्तर हमखास मिळते. त्यात वावगे काहीच नाही. माणसाने भिजावे, भजीही खावीत. पण ज्या गाडीने किंवा मोटारीने ही मंडळी वर चढतात तिच्या दोहो बाजूंना, खंडाळ्यापासून तळेगावपर्यंतच्या अवघ्या वीसबावीस मैलांच्या पट्ट्यात, सव्वादोन हजार वर्षांचा महाराष्ट्र दगडात उभा आहे. लेणी आहेत, किल्ले आहेत, रणांगण आहे, घाट आहे, आणि एका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या कारखान्याची आठवणही आहे. एवढा ऐवज एवढ्याशा जागेत असलेले दुसरे ठिकाण चटकन सांगता यायचे नाही.

या स्थळांकडे पाहण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. जुनी इमारत दिसली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "ही कोणी बांधली?" आणि उत्तरात राजाचे नाव यावे अशी आपली अपेक्षा असते. नाव आले की समाधान होते, मग फोटो काढून आपण पुढे निघतो. मावळात मात्र ही रीत फारशी उपयोगी पडत नाही. तिथल्या कित्येक गोष्टी राजांनी केलेल्याच नाहीत. त्या कोणी केल्या आणि त्यांची नावे कुठे राहिली, कुठे पुसली गेली, हे या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडावे असे मनात आहे.

आरंभ कार्ल्यापासून करू. मळवली स्टेशनवर उतरले की उत्तरेच्या डोंगरात कार्ले आणि दक्षिणेच्या डोंगरात भाजे, अशी लेणी समोरासमोर बसलेली आहेत. लेणी म्हटली की लोक अजिंठा-वेरूळचे नाव घेतात. पण भारतात डोंगर कोरून केलेली जी चैत्यगृहे आहेत त्यांत सर्वांत मोठे आमच्या मावळातले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि ४६ फूट उंच आहे. आत एकूण ३७ खांब आहेत. वर पाहिले तर दगडी छताला सागवानी लाकडाच्या कमानी बसवलेल्या दिसतात. त्या इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासच्या मूळच्याच आहेत. आपल्या बिऱ्हाडातल्या खिडकीची चौकट वीस पावसाळ्यांत फुगते आणि हे लाकूड दोन हजार पावसाळे अंगावरून गेले तरी जागच्या जागी आहे!

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या मुलामुलींना घेऊन मी तिथे गेलो होतो. सगळी मंडळी माना वर करून छत पाहत होती. त्यांतल्या एका मुलाने विचारले, "सर, पण हे कोणत्या राजाचं?" मी त्याला उत्तर दिले नाही. त्याला खांबाजवळ नेले आणि तिथली ब्राह्मी अक्षरे दाखवली. ती वाचता येत नसली तर कोणीही बुचकळ्यात पडेल, पण त्यांत गूढ असे काही नाही. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर "कै. सौ. अमुक यांच्या स्मरणार्थ" असे कोरलेले असते ना, अगदी तसलाच तो मजकूर आहे. अमक्या गावच्या अमक्याने हा खांब दिला, एवढेच.

आणि देणारे कोण, तर धेनुकाकट नावाच्या गावचे व्यापारी. त्यांतले कित्येक स्वतःला 'यवन' म्हणवतात, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले, निदान तसे मूळ सांगणारे. सीहधय नावाच्या अशाच एका यवनाने एक खांब दिला आहे. याच गावचा सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा दुकानदार, दरवाजाच्या कामाचे दान देतो. सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, दरवाजा मीच केला असे बापाच्या नावासकट सांगतो. सोपाऱ्याचा सातिमित नावाचा भाणक, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणून दाखवणारा भिक्षू, एक खांब देतो आणि तोही आत पवित्र अवशेष ठेवलेला. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा बरे का! लोकलच्या गर्दीत जे नाव रोज आपल्या कानांवर पडते ते दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या माथ्यावर कोरले गेले आहे.

मला सर्वांत भावतो तो कोडी नावाच्या भिक्षुणीचा लेख. कोडी ही घुणिकाची आई. तिने एक वेदिका, म्हणजे कठड्याची नक्षी, दिली आणि ती नंदिकाने केली, असे त्यात म्हटले आहे. घरदार सोडून संघात गेलेल्या बाईच्या नावापुढे "घुणिकाची आई" हे शब्द उरलेच. शिवाय देणारीचे नाव आहे तसे करणाऱ्याचेही आहे. आपल्या आजच्या किती इमारतींच्या कोनशिलेवर गवंड्याचे नाव असते?

राजे-महाराजे इथे नाहीतच असे मात्र नाही. दाराशी चार सिंहांचा जो स्तंभ आहे तो गोतिपुत्र अग्निमित्रणक नावाच्या महारठीने दिला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंच्या चरितार्थासाठी करजिक हे गाव तोडून दिले. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हरवले तेव्हा त्यांनी ते दान मोडले नाही. तेच गाव नव्याने भिक्षूंना लावून दिले. सरकार बदलले तरी संस्थेचे अनुदान चालू राहिले, ही गोष्ट प्राध्यापकाच्या पेशातल्या माणसाला विशेष हृद्य वाटते! त्या सातवाहन राजाज्ञेत ज्या अधिकाऱ्याला हुकूम केला आहे तो 'मामाल' या मुलखाचा. हा मामाल म्हणजेच आपला मावळ, असे विद्वान मानतात. शिवाजीमहाराजांच्या मावळ्यांच्या नावातला मावळ त्यांच्याआधी दीड हजार वर्षे दगडावर लिहिलेला होता.

आणि एवढे सगळे झाल्यावर वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी मोठ्या डौलाने कोरून ठेवतो की हे शैलगृह मी पुरे केले आणि जंबुद्वीपात याहून उत्तम दुसरे नाही. शेठजींनी जरा फुशारकी मारली आहे खरी. पण आत उभे राहिल्यावर त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

म्हणजे कार्ल्याचा चैत्य ही वर्गणीची इमारत आहे. शेठजींचा वाटा मोठा, सुगंधवाल्याचा लहान, भिक्षुणीचा त्याहूनही लहान. पण पावती प्रत्येकाला मिळाली आहे आणि ती दोन हजार वर्षे टिकली आहे. हे ऐकल्यावर तो मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, हे गणेशोत्सवासारखंच झालं की!" मी म्हटले, तसेच. फक्त मांडव दगडाचा.

चैत्याच्या दाराशी एकवीरा आईचे देऊळ आहे. कोकणपट्टीतले कोळी आणि आगरी लोक चैत्रात पालख्या घेऊन येतात, तेव्हा ढोलाच्या आवाजाने डोंगर दणाणतो. लेणी पाहायला आलेल्या काही शिष्ट मंडळींना ही गर्दी नकोशी वाटते. मला तसे वाटत नाही. सोपाऱ्याचा भाणक समुद्राकडूनच वर आला होता. बंदरातून घाटावर येऊन इथे काहीतरी वाहून जाण्याची चाल त्याच्या काळीही होती आणि आजही आहे. देवता तेवढी वेगळी.

भाज्याची लेणी कार्ल्याहूनही जुनी, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची. तिथले खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी घराचे खांब भार पेलण्यासाठी जसे तिरके रोवत, तसेच कारागिराने दगडातही केले. दगडाला त्याची गरज नव्हती, पण हाताची सवय जाईना. पुढे कार्ल्यात तेच खांब सरळ झाले. एका डोंगरातून समोरच्या डोंगरात जाईपर्यंत कारागिरांच्या पिढ्यांनी दगडाचा स्वभाव ओळखला. भाज्याला चौदा स्तूप आहेत, तिथेच राहून गेलेल्या स्थविरांचे. काहींवर नावे आहेत. कामशेतजवळ पवनेच्या बाजूला बेडशाची लेणी आहेत. तिथल्या ओसरीच्या खांबांवर घोड्या-हत्तींवर बसलेली जोडपी इतकी डौलदार आहेत की तेवढ्यासाठी वाट वाकडी करावी.

मराठीच्या माणसाला या लेखांत आणखी एक मौज सापडते. कामशेतजवळच्या पाले गावी १९६९ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी एक छोटा लेख उजेडात आणला. अरहंतांना नमस्कार करून त्यात सांगितले आहे की भदंत इंदरखिताने इथे 'लेण' कोरवले आणि 'पोढी'ही. त्यातले लेण म्हणजे आपले लेणे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. संस्कृतच्या घरात न जन्मलेला, पाण्यापाशी वाढलेला हा शब्द. या प्राकृतातूनच पुढे आपली भाषा आली. 'लोणावळे' हे नावही लेण्यांच्या ओळीवरून, 'लेणावली'वरून पडले असे सांगतात. खरेखोटे व्युत्पत्तिकारांनी पाहावे, पण लेण्यांची ओळ डोळ्यांसमोर असताना ते पटते.

भाज्याच्या माथ्यावर विसापूर आणि शेजारी लोहगड. ही भावंडे मधल्या खिंडीतून एकमेकांकडे पाहत उभी आहेत. लोहगड शिवाजीमहाराजांनी १६४८ च्या सुमारास घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली परत घेतला. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारे एकामागून एक वळत वर जातात. पुढल्या दारापाशी पोचलेला शत्रू मागल्या तटाच्या माऱ्याखाली उभा असतो, हे तिथे चढताना पायांनाच कळते. वरची विंचूकाट्याची सोंड पावसाळ्यात ढगांत शिरते तेव्हा किल्ला चालू लागला आहे असे वाटते. नाना फडणिसांनी बांधलेले मोठे टाके १७८९ चे. पेशवाईच्या पडत्या काळात नानांनी आपले द्रव्य या गडावर ठेवले, यावरून त्यांचा माणसांपेक्षा दगडांवर किती विश्वास होता हे दिसते.

पण दगडांवरचा हा विश्वासही एका मर्यादेपर्यंतच कामाचा असतो. विसापूर लोहगडाहून उंच आहे. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि तिथून तोफा रोखताच दुसऱ्याच दिवशी लोहगड सोडावा लागला. थोरला भाऊ शत्रूच्या हाती गेला की धाकट्याचा निभाव लागत नाही. पुढे इंग्रजांनी विसापूरची दारे उद्ध्वस्त केली आणि लोहगडाची तशीच राहिली. लोहगड आज देखणा दिसतो आणि विसापूर भग्न दिसतो, त्यामागे हे कारण आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूदृश्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत आपला लोहगड आहे. बातमी आली त्या दिवशी मावळात पेढे वाटले गेले असतील, तर ते योग्यच झाले. पण बाराव्या शतकात नव्हे, आत्ता एकविसाव्या शतकात गडावर जाऊन पाहावे. मान मिळालेल्या दाराच्या दगडावर खिळ्याने बदाम कोरलेला दिसतो. त्यात दोन नावे, मध्ये बाण. नाव तर सीहधयानेही कोरले होते! तेव्हा मनुष्यस्वभाव बदललेला नाही, असे कोणी म्हणेल. पण एक भेद आहे. सीहधयाने आधी खांब दिला आणि मग त्यावर नाव घातले. आपला हा वीर काहीही न देता नाव घालतो. असे करणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे मुलांना सांगून ठेवायला हरकत नाही.

किल्ल्यांवरून खाली वडगावला उतरू. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईकर इंग्रज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाले. सैन्य सुमारे ४,००० आणि सामान ओढायला बैल १९,०००! लग्नाच्या वऱ्हाडासारखी ही फौज रखडत घाट चढली. मराठ्यांनी समोरासमोर लढण्याची घाई केली नाही. रसद तोडली, चारा जाळला आणि तळेगाव रिकामे करून पेटवून दिले. स्वतःचे घर स्वतःच्या हाताने जाळायचे आणि शत्रूला उपाशी ठेवायचे, ही लढाई तळेगावच्या रहिवाशांनीही लढली. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. इंग्रज माघारी वळले, जड तोफा तळ्यात टाकल्या आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडले. तिथे त्यांना तह करावा लागला. पुढे वॉरन हेस्टिंग्जने तो मानला नाही, ही गोष्ट वेगळी. वडगावात महादजींचे स्मारक आहे आणि ते असायलाच हवे.

पण त्याच वडगावात आणखी एक जागा आहे. या मोहिमेत कॅप्टन स्ट्युअर्ट नावाचा इंग्रज अधिकारी ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने मारला गेला. गडी शूर होता. मराठ्यांनी त्याच्या नावाचे 'इष्टूर' केले आणि त्याला 'फाकडा' ही पदवी बहाल केली. फाकडा म्हणजे देखणा, बेडर, मर्दानी. हा शब्द आपण आपल्याच लाडक्या वीरांना लावत असू. त्याची समाधी वडगावला आहे आणि गावचे लोक तिला नवस बोलतात, फुले वाहतात. आपल्यावर चालून आलेल्या शत्रूला मरणानंतर गावात घर देणारी ही माणसे कोणत्या विद्यापीठात शिकली होती?

आता घाट. बोरघाटातली गाडीवाट १८३० साली खुली झाली. रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन २१ एप्रिल १८६३ ला पुरे झाले. जवळजवळ सोळा मैलांत १,८३१ फूट चढ आणि २५ बोगदे. दक्खनच्या राणीत बसून आपण हा चढ चहा पिता पिता संपवतो. पण तो खणताना काय झाले ते पाहा. १८५९ च्या जानेवारीत मजुरीवरून दंगा झाला आणि पहिल्या कंत्राटदाराने अंग काढून घेतले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, मुंबईस उतरला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट स्वतःच्या नावावर घेऊन, चांगले इंजिनिअर नेमून काम तडीस नेले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नवरा गेलेल्या बाईने परक्या मुलखात हे केले, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे.

१८६१ च्या सुमारास या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने, तापाने आणि सुरुंगांनी त्यांतली हजारो माणसे गेली. त्यांतल्या एकाचेही नाव घाटात कुठे कोरलेले नाही. धेनुकाकटच्या सुताराचे नाव आपल्याला माहीत आहे, बापाच्या नावासकट. आणि आपल्या पणजोबांच्या काळातल्या, बोगद्यात गेलेल्या माणसाचे माहीत नाही. दोन हजार वर्षांत आपण काय काय सुधारलो याची यादी करताना हा हिशेबही मांडून ठेवावा.

लोकांनी मात्र आपल्या परीने तो हिशेब मांडला आहे. जुन्या रस्त्याने खोपोलीकडे उतरताना शिंग्रोबाचे छोटे देऊळ लागते. आख्यायिका अशी की घाटाची वाट साहेबांना सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने गुरे चारता चारता ती दाखवली, आणि बक्षीस म्हणून गोळी मिळाली. ही कथा कागदपत्रांत शोधायला जाऊ नये. ट्रकवाले आजही तिथे वेग कमी करून नाणे टाकतात. ज्यांची नावे राहिली नाहीत त्या सर्वांच्या वतीने लोकांनी एकाचे नाव देवळात बसवले आहे, असे मी समजतो.

याच घाटात जुन्या वाटेवरचा एक दगडी कमानींचा पूल होता. मलमाच्या जाहिरातीवरून लोक त्याला 'अमृतांजन पूल' म्हणत. कंपनीने फक्त पाटी लावली होती, पण नाव तिचे झाले. खालून द्रुतगती मार्ग गेला तेव्हा पुलाच्या खांबांमुळे वाट अरुंद झाली, गाड्या तुंबू लागल्या, अपघात होऊ लागले. शेवटी टाळेबंदीत रस्ता ओस पडला असताना ५ एप्रिल २०२० ला सुरुंग लावून तो पाडला. पुलाबद्दल हळहळणाऱ्यांपैकी मी एक आहे. पण माणसांचे प्राण आणि दगड यांत निवड करायची तर मीही पाडण्याच्याच बाजूने हात वर केला असता. वाईट एवढ्याचेच वाटते की त्याचा निरोप घ्यायलाही कोणी नव्हते, आणि त्याच्या जागी, इथे अमुक पूल होता, असे सांगणारी एखादी शिळा उभारावी असे पुष्कळांना सुचलेही नाही.

शेवटी तळेगाव. सरसेनापती दाभाड्यांचे हे गाव, पराक्रमी उमाबाईंचे गाव. पण मला तिथे आठवण होते ती पैसा फंडाच्या काच कारखान्याची. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना काढली की माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभा करावा. एक पैसा! लोकमान्य टिळकांनी ती कल्पना उचलून धरली आणि १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखे जाणकार तिथे आले, आणि इथे शिकलेल्या तरुणांनी पुढे ठिकठिकाणी भट्ट्या पेटवल्या. ज्या आजीने पदराच्या गाठीतला पैसा सोडून दिला असेल तिचे नाव कुठल्या वहीत असेल तर असेल. पण ती आणि घुणिकाची आई कोडी या दोघी मला एकाच माजघरात बसलेल्या दिसतात. दोघींमध्ये अंतर दोन हजार वर्षांचे आणि एका रेल्वे-प्रवासाचे.

हे सारे आजच सांगण्याचे कारण आहे. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला आणि चार माणसे गेली. तो पूल ऐतिहासिक नव्हता. पण गर्दी तीच होती, जी त्याच आठवड्यात लोहगडाच्या दारातही होती. आपण मावळात शेकड्यांनी नव्हे, हजारोंनी जातो. आपले पाय, आपला कचरा आणि आपला उत्साह यांचा भार दगडालाही होतो. पाटी लावणे, कुंपण घालणे, माणसे मोजून आत सोडणे हे सरकारने करावे, आणि ते वेळेवर करावे. मात्र घरातल्या माणसाने आपल्या घरात कसे वागावे याची पाटी लावता येत नाही. कार्ल्याचा खांब ज्यांनी दिला ते यवन होते, बनवासीचे होते, सोपाऱ्याचे होते, म्हणजे मावळचे कोणीच नव्हते. तरी त्यांना ही जागा आपली वाटली, म्हणून ती झाली. टिकवायची तर आपल्यालाही ती तशीच वाटावी लागेल.

म्हणून वाचकांना एक घरगुती सूचना. या दिवाळीत आपल्या अंगणात, चाळीच्या जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात मुले मातीचा किल्ला करतीलच. अळीव पेरतील, मावळे मांडतील. तो सुकण्यापूर्वी, एखाद्या साध्या वारी, पाऊस सरल्यावर, त्यांना मळवलीला घेऊन जा. सकाळच्या गाडीने जावे, दशम्या बरोबर घ्याव्यात, आणि कागद पिशवीतूनच परत आणावेत. आधी भाजे पाहावे, जमल्यास लोहगड चढावा आणि उन्हे कलल्यावर कार्ल्याला यावे. तिथे गेल्यावर राजाचे नाव सांगायची घाई करू नका. डावीउजवीकडच्या खांबांवरची अक्षरे मुलांना शोधू द्या. ब्राह्मीतला 'क' अधिकच्या चिन्हासारखा असतो, 'ग' उलट्या व्हीसारखा. दोनचार अक्षरे ओळखता आली की मुले सोडत नाहीत, हा माझा अनुभव आहे. मग विचारा, आपल्या घराने एक खांब द्यायचा ठरवले असते तर त्यावर कोणाकोणाची नावे घातली असती. आजीचे नाव विसरू देऊ नका.